बारा शब्द दिले नाहीत, पण सही केली

वाचकाचं पत्र (थोडक्यात): ताई, मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय ३१. २०२२ मध्ये मित्रांच्या नादाने मेटामास्क वॉलेट (क्रिप्टोचं डिजिटल पाकीट) उघडलं आणि पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर तीन एनएफटी (डिजिटल चित्रांच्या मालकीची टोकनं) घेतली. मागच्या वर्षी ती ओपनसी या एनएफटीच्या ऑनलाइन बाजारात विकायला लावली होती, पण गिऱ्हाईक आलं नाही. शिवाय यूएसडीसीमध्ये (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो टोकन) साधारण बावीस हजार रुपये आहेत. गेल्या आठवड्यात वॉलेटमध्ये मी न घेतलेली दोन एनएफटी दिसली. एकाच्या चित्रावर ३०० डॉलरचं व्हाउचर आणि साइटचा पत्ता होता. तिथे गेलो, वॉलेट जोडलं. पहिल्या खिडकीत सही मागितली. गॅस, म्हणजे व्यवहाराची फी, लागत नव्हता म्हणून केली. मजकूर लांबलचक होता, त्यातले ‘ऑफर’, ‘कन्सिडरेशन’, ‘सीपोर्ट’ हे शब्द आणि बरीच शून्यं आठवतात. दुसऱ्या खिडकीत परवानगी मागितली तेव्हा घाबरून रिजेक्ट केलं आणि साइट डिसकनेक्ट केली. अजून काही गेलेलं नाही. टेलिग्राम ग्रुपवर विचारलं तर मेटामास्क सपोर्टचा म्हणून एकजण खासगीत आला. वॉलेट ‘सिंक्रोनाइझ’ करायला तो वॉलेटची किल्ली असलेले बारा गुप्त शब्द मागतोय. देऊ का? दुसऱ्या एनएफटीवर ०.९ रॅप्ड इथरची (इथर या क्रिप्टो चलनाचंच टोकन रूप) ऑफर आलीय, ती घेऊ का? मावसभाऊ म्हणतो, सरकार ३० टक्के कर घेतं म्हणजे हे अधिकृतच आहे, घाबरू नको. त्याला एका नव्या एनएफटी कलेक्शनच्या प्री-मिंटमध्ये (बाजारात यायच्या आधीची विक्री) माझे पैसे घालायचे आहेत. बायकोला यातलं काही माहीत नाही.
(नाव छापू नये, नाशिक)

उत्तर:

आधी तो टेलिग्रामवाला. त्याला ब्लॉक करा आणि मग पुढचं वाचा. मेटामास्कचा कुणीही माणूस टेलिग्रामवर आपणहून मेसेज करत नाही, आणि बारा शब्द तर कुठल्याही सपोर्टला कुठल्याही कामासाठी लागत नाहीत. वॉलेट सिंक्रोनाइझ करा, व्हॅलिडेट करा, मायग्रेट करा ही यांची ठरलेली भाषा आहे. क्रिप्टोच्या ग्रुपमध्ये कुणी ‘मदत हवी’ लिहिलं की दोन मिनिटांत खासगी मेसेज येतो, कारण ही मंडळी तिथे त्याचीच वाट बघत बसलेली असतात. ते शब्द गेले असते तर माझ्या पुढच्या निम्म्या सल्ल्याला अर्थ उरला नसता. तुम्ही दिले नाहीत, त्यामुळे अजून बरंच हातात आहे.

तुमच्या मनातला हिशेब मला दिसतोय. शब्द दिले नाहीत, गॅस गेला नाही, दुसरी खिडकी रिजेक्ट केली, साइट डिसकनेक्ट केली, आठवडा झाला तरी काही गेलं नाही, म्हणजे सुटलो. पण तुम्ही सुटलेला नाहीत, आणि हा हिशेब कुठे चुकतो ते नीट समजून घ्या. एनएफटीवाल्यांना लुटणारी बहुतेक टोळकी हल्ली तुमचं वॉलेट फोडत नाहीत. ती तुमच्याकडून सही घेतात.

सह्या साधारण दोन जातींच्या. एकीला गॅस लागतो. ती साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदली जाते आणि पॉलिगॉनस्कॅन या साइटवर कुणालाही दिसते. तुम्ही रिजेक्ट केलेली दुसरी खिडकी बहुधा याच जातीची होती. तिचं नाव ‘सेट अप्रूव्हल फॉर ऑल’. गावाकडे कुणी भोळेपणाने पुतण्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देतो आणि पुढे सातबाऱ्यावर भलतंच नाव चढतं, तसा हा प्रकार. त्या कलेक्शनमधलं तुमचं आजचं आणि उद्याचं प्रत्येक एनएफटी उचलायचा अधिकार समोरच्याला मिळतो, आणि तुम्ही काढून घेईपर्यंत तो त्याच्याकडेच राहतो. गंमत अशी की हीच परवानगी ओपनसीसुद्धा मागते, नाहीतर गिऱ्हाईक आल्यावर माल हलवणार कोण? त्यामुळे खिडकी ओळखीची वाटते आणि बोट आपोआप ‘कन्फर्म’वर जातं. तुमचं गेलं नाही, शाबास.

दुसऱ्या जातीच्या सहीला गॅस लागत नाही. ती साखळीवर कुठेच उमटत नाही. ती नुसती समोरच्याच्या खिशात जाते आणि त्याला सोयीचं वाटेल तेव्हा तो ती वापरतो. गॅस म्हणजे फी, फी नाही म्हणजे व्यवहार नाही, असं आपल्याला बँकेच्या सवयीने वाटतं. इथे ते उलटं पडतं.

तुम्हाला आठवलेले शब्द फार कामाचे आहेत. सीपोर्ट हा ओपनसीचा २०२२ पासूनचा खरेदी-विक्रीचा करार, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम. त्यात ‘ऑफर’ म्हणजे तुम्ही काय देणार आणि ‘कन्सिडरेशन’ म्हणजे बदल्यात काय येणार. बरीच शून्यं होती असं तुम्ही लिहिता. ती कन्सिडरेशनच्या रकान्यातली असतील तर तुम्ही व्हाउचर घेतलेलं नाही. तुम्ही तुमची एनएफटी फुकट विकायची तयारी लिहून दिली आहे. मागच्या वर्षी ती ओपनसीवर लावलीत तेव्हा माल हलवायची परवानगी ओपनसीला दिलेली आहेच, त्यामुळे चोराला वेगळी परवानगी लागत नाही. तुमची सही आणि ती जुनी परवानगी, दोन्ही जोडल्या की काम होतं. मग अजून गेलं का नाही? एक तर सहीची मुदत बाकी आहे आणि त्याला घाई नाही, किंवा तुमच्या एनएफटींना आज भाव नाही म्हणून त्याने त्या बाजूला ठेवल्या आहेत. भाव नाही हे वाचून वाईट वाटेल, पण सध्या तेच तुमच्या पथ्यावर पडलेलं दिसतंय.

हा प्रकार नवा नाही. १९ फेब्रुवारी २०२२ च्या संध्याकाळी काही तासांत ओपनसीच्या १७ जणांची एनएफटी अशीच गेली. कंपनी तेव्हा जुन्या करारावरून नव्या करारावर जात होती, लोकांना तशा ईमेल येत होत्या, आणि त्या गर्दीत कुणीतरी त्यांच्याकडून अर्धवट कोऱ्या ऑर्डरींवर सह्या मिळवल्या. उरलेले रकाने चोराने आपल्या हाताने भरले. ओपनसीच्या प्रमुखांनीच नंतर सांगितलं की त्याच्या वॉलेटमध्ये सुमारे १७ लाख डॉलरचं इथर जमलं होतं. साखळीच्या दृष्टीने सगळं कायदेशीर होतं, कारण प्रत्येक व्यवहारावर खऱ्या मालकाची खरी सही होती.

डिसकनेक्ट केल्याने काय होतं? फक्त एवढंच की त्या साइटला तुमच्या वॉलेटचा पत्ता दिसायचा बंद होतो. दिलेली परवानगी तशीच राहते आणि केलेली सही तर राहतेच राहते. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की मला त्या बटणाचाच राग येतो. लोक ते दाबतात आणि निवांत झोपतात.

म्हणून आज रात्रीचं काम सांगते. नवीन वॉलेट उघडा, नव्या बारा शब्दांचं. त्याच वॉलेटमध्ये ‘अकाउंट २’ उघडलंत तर तूर्त निभावेल, पण बारा शब्द तेच राहतात, आणि ज्या फोनवरून तुम्ही त्या साइटवर जाऊन आलात त्यावरचं जुनं काही पुढे न्यायला नको. नवे शब्द कागदावर लिहा. फोटो नको, स्वतःलाच व्हॉट्सअॅप करणं नको, गुगल ड्राइव्ह नको. मग आधी यूएसडीसी हलवा. सही फक्त एनएफटीची होती याची मला खात्री नाही. यूएसडीसी हे असं टोकन आहे की नुसत्या गॅसविरहित सहीनेसुद्धा त्यावर खर्चाची परवानगी देता येते, आणि तुमच्या त्या लांबलचक मजकुरात आणखी काय होतं ते आता कुणी सांगावं. त्यानंतर तीन एनएफटी. पॉलिगॉनवर गॅस किरकोळ लागतो, तेव्हा ‘उद्या बघू’ म्हणायला ते कारण चालणार नाही. गॅसपुरतं पीओएल (पॉलिगॉनवर गॅस भरायचं चलन) मात्र जुन्या वॉलेटमध्ये शेवटपर्यंत राहू द्या.

हलवताना एक सांभाळा. नवा पत्ता नव्या वॉलेटमधूनच कॉपी करा, जुन्याच्या व्यवहारयादीतून कधीच नको. हे लोक तुमच्या नेहमीच्या पत्त्यासारखी सुरुवात आणि शेवट असलेला पत्ता बनवतात, त्यावरून शून्य रकमेचा एखादा व्यवहार तुमच्या यादीत सोडतात आणि तुम्ही घाईत तोच उचलाल याची वाट बघतात. आपण पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बघतो, मधली कोण बघतं? मधलीही बघा. आधी दहा-वीस रुपयांचं यूएसडीसी पाठवा, पोचलं की बाकीचं.

सगळं हललं की जुन्या वॉलेटवरच्या परवानग्या रद्द करा. रिव्होक डॉट कॅश ही साइट किंवा पॉलिगॉनस्कॅनवरचं परवानग्या तपासायचं पान, दोन्हींवर ते होतं. प्रत्येक रद्दीला थोडा गॅस लागतो. पत्ता हाताने टाइप करा, गुगलवर शोधून वर येणाऱ्या जाहिरातीवर जाऊ नका, कारण परवानग्या रद्द करून देणाऱ्या खोट्या साइटीही आहेत आणि तिथे घाबरलेलीच माणसं येतात. आणि हेही ध्यानात ठेवा की तुमची ती गॅसविरहित सही या यादीत दिसणार नाही. यादी स्वच्छ दिसली म्हणून जुनं वॉलेट स्वच्छ झालं असं समजू नका. ओपनसीवर जाऊन सगळ्या लिस्टिंग (विकायला लावल्याच्या नोंदी) एकदम रद्द करायचा पर्याय वापरा. त्यात थोडा गॅस जातो, पण सीपोर्टच्या तुमच्या आधीच्या सगळ्या सह्या त्याने बाद होतात.

एवढं केल्यावर ती एनएफटी पुन्हा जुन्या वॉलेटमध्ये कधीही आणू नका. २०२२ च्या जानेवारीत ओपनसीवर अनेकांना याचा फटका बसला. त्यांनी जुन्या, स्वस्त भावाच्या लिस्टिंग रद्द करायचा गॅस वाचवायला एनएफटी दुसऱ्या वॉलेटमध्ये हलवली होती. नंतर ती परत आणली तेव्हा जुनी सही अजून जिवंतच होती. बोअर्ड एप या महागड्या कलेक्शनमधला क्रमांक ९९९१ हा त्यातूनच ०.७७ इथरला गेला. घेणाऱ्याने लगेच तो ८४.२ इथरला विकला. यात चोरही नव्हता, खोटी साइटही नव्हती, नुसती एक विसरलेली सही होती.

आता त्या ०.९ रॅप्ड इथरच्या ऑफरबद्दल. घेऊ नका, आणि त्या एनएफटीला हातही लावू नका. न मागता आलेल्या एनएफटीवर अशी भरभक्कम ऑफर दिसते, आपण स्वीकारायला जातो आणि व्यवहार फसतो, कारण ते एनएफटी बनवतानाच ते विकता येऊ नये अशी सोय केलेली असते. फसल्यावर संदेश किंवा कलेक्शनचं वर्णन तुम्हाला ‘अनलॉक’ करायला दुसऱ्या साइटवर पाठवतं. तिथे पुन्हा तीच सहीची खिडकी. नुसतं वॉलेटमध्ये येऊन पडलेलं एनएफटी काही करत नाही. ‘हाइड’ करा आणि विसरा. ते जाळून टाकायच्या किंवा कुणाला पाठवून द्यायच्या फंदात पडलात तर त्याच करारावर सही करणं आलं.

साइट अगदी खरी दिसत होती असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो प्रश्न मला दर पत्रात येतो म्हणून सांगते. ती खरीच दिसणार. वॉलेट रिकामं करणारी ड्रेनर नावाची तयार यंत्रं भाड्याने मिळतात. इन्फर्नो ड्रेनर नावाची टोळी चोरीच्या मालातला २० टक्के वाटा घेऊन साइट, कोड सगळं पुरवायची. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांनी दुकान बंद केल्याचं जाहीर केलं तोवर ८ कोटी डॉलरहून जास्त रक्कम त्या मार्गाने गेली होती. खात्यावरच्या निळ्या टिकमार्कचा किंवा लाखो फॉलोअरचाही भरवसा नको. २५ एप्रिल २०२२ ला बोअर्ड एप यॉट क्लबचं खरंखुरं इन्स्टाग्राम खातं हॅक झालं, त्यावर फुकट जमिनीची लिंक पडली आणि सुमारे ३० लाख डॉलरची एनएफटी गेली. त्याआधी डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या पंतप्रधानांचं ट्विटर खातं हॅक करून भारताने बिटकॉइनला अधिकृत चलन केलंय आणि सरकार ते वाटतंय असं लिहून लिंक दिली होती. डिसेंबर २०२३ मध्ये तर हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोची किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र) बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या एका माजी कर्मचाऱ्याला फसवून त्याच्या खात्यातून लेजरच्या कनेक्ट किटमध्ये, म्हणजे साइटला वॉलेट जोडणाऱ्या कोडमध्ये, चोराचा कोड घुसवला गेला. ते किट वापरणाऱ्या अस्सल साइटी काही तास धोक्याच्या झाल्या. हार्डवेअर वॉलेट घेतलं की झालं, असंही त्यामुळे म्हणवत नाही. ते गुप्त शब्द सांभाळतं. पण तुम्हीच बटण दाबून मंजुरी दिलीत तर ते बिचारं काय करणार?

म्हणून मी लोकांना साइट ओळखायला शिकवत नाही, खिडकी वाचायला सांगते. कोण मागतंय, काय जाणार, काय येणार. येणाऱ्या बाजूला शून्य असेल, किंवा मजकूर कळतच नसेल, तर रिजेक्ट. हल्ली मेटामास्क सही आधी तपासून लाल इशारा देतं, जाणारी-येणारी टोकनं दाखवतं. ते सेटिंगमध्ये चालू आहे ना बघा. पण इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक असाही अर्थ लावू नका. आणि नव्या साइटींवर हिंडायचंच असेल तर त्यासाठी वेगळं वॉलेट ठेवा, त्यात चहापाण्याएवढे पैसे.

मावसभावाचं कराचं म्हणणं मी बऱ्याच जणांकडून ऐकते. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एकात झालेला तोटा दुसऱ्यातल्या फायद्यातून वजाही करता येत नाही. पण कर लावला म्हणजे मान्यता दिली असं होत नाही, हे अर्थमंत्र्यांनी त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलं होतं. सरकार तुमच्या नफ्यात वाटा घेतं, तुमच्या एनएफटीची हमी घेत नाही.

त्याच्या प्री-मिंटबद्दल फार लिहीत नाही, कारण कलेक्शनचं नाव तुम्ही कळवलेलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये फ्रॉस्टीज नावाची ८,८८८ कार्टून चित्रं तासाभरात विकली गेली, साधारण ११ लाख डॉलर गोळा झाले, आणि करणाऱ्यांनी साइट आणि डिस्कॉर्डवरचा ग्रुप बंद करून पळ काढला. मार्चमध्ये अमेरिकेत दोन विशीतल्या पोरांना अटक झाली, तेव्हा त्यांचं दुसरं कलेक्शन तयार होतं. मावसभावाला एकच विचारा, गोळा झालेले पैसे कुणाच्या ताब्यात राहणार आणि तो माणूस नावानिशी कोण आहे? उत्तरात टोपणनाव आणि रोडमॅप आला तर पैसे देऊ नका. नुकसान भरून काढायला म्हणून तर मुळीच देऊ नका, तुमचं अजून नुकसान झालेलंच नाही.

आणि बायकोला सांगा. मी घर सांभाळा वगैरे उपदेश करत नाही. ही गोष्ट लपवलेली राहिली की ती गुपचूप भरून काढायची ओढ लागते आणि मावसभावाचं म्हणणं पटायला लागतं. शिवाय रात्री पत्ता जुळवताना एकाने अक्षरं वाचायची आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायची हे काम एकट्याने नीट होत नाही.

हलवता हलवता काही गेलंच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. व्यवहाराचा हॅश (साखळीवरचा नोंद क्रमांक), चोराच्या वॉलेटचा पत्ता, साइटचा पत्ता, टेलिग्रामवरचे मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ब्लॉक केलेल्या त्या सपोर्टवाल्याचेही, पुसू नका. साखळीवरचा व्यवहार कुणालाच उलटवता येत नाही, पोलिसांनाही नाही. पण चोरीचा माल एखाद्या केवायसी असलेल्या एक्स्चेंजवर पोचला तर तिथे तो गोठवून घेता येतो, आणि त्यासाठी तक्रार लवकर हवी. तक्रार केल्यावर किंवा कुठे लिहिल्यावर ‘एथिकल हॅकर’ किंवा ‘रिकव्हरी वकील’ म्हणून कुणी येईल, पैसे परत मिळवून देतो म्हणेल आणि आधी थोडी फी मागेल. एकदा फसलेल्यांच्या याद्या हे लोक एकमेकांना विकतात. त्याला उत्तर देऊ नका, त्याचाही स्क्रीनशॉट काढून तक्रारीला जोडा.